खेड्यातला बहिरा माणूस, घरच्या खुणा आणि दुभाषी : विदर्भातले अनुभव लिहा

पऱ्हाटी

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातली. सांकेतिक भाषेची दुभाषी म्हणून काम करते. मला ऐकू येतं, पण हातावर पोट आहे आणि ते अगदी खऱ्या अर्थाने. शिक्षण रीतसर झालंय. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र निघालं, त्यांचा दुभाष्यांसाठीचा डिप्लोमा असतो, तो केलाय.

२३ सप्टेंबर जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. सांकेतिक भाषांचा आंतरराष्ट्रीय दिवस. मंचावर साहेब, कोपऱ्यात मी, पुढच्या रांगेत गणवेशातली बहिऱ्या शाळेची मुलं. भाषण संपलं की सगळे हात वर करून हलवतात (बहिऱ्यांची टाळी तशीच असते), फोटो निघतो, चहा होतो. चोवीस तारखेपासून फोन बंद पडल्यासारखा. जणू उरलेलं वर्षभर कुणाला तलाठ्याकडे, बँकेत, दवाखान्यात काही बोलायचंच नसतं!

तिथे बाजूला कोण असतं? भाऊ, वहिनी, सासू. कधी कधी दहा वर्षांचं पोरगं. त्यावरच बोलायला हा धागा काढलाय.

आधी एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका खटल्यात चाळिशीतला एक बहिरा माणूस साक्षीदार होता. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. लहानपणी ढोरं राखली, मोठेपणी सालदारी केली. प्रश्न साधा होता, हे कधी घडलं? मी खुणा केल्या. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं आणि मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा हलवली. खेड्यातले बहिरे न कळलेल्या प्रश्नालाही मान हलवतात. मान हलवली की समोरचा माणूस पिच्छा सोडतो, हे ते लहानपणीच शिकलेले असतात. कागदावर मात्र त्याचा 'हो' होतो!

माझी सांकेतिक भाषा त्याला येतच नव्हती. यायची कुठून? ती बहिऱ्यांच्या शाळांत, वसतिगृहांत, शहरातल्या त्यांच्या मंडळांत वाढलेली भाषा. गावात एकटाच बहिरा असेल तर घरात ठरलेल्या चार-दोनशे खुणा हीच त्याची सगळी पुंजी.

सुदैवाने सोबत एक बहिरा मित्र होता, मुद्दाम नेला होता. तो खुर्चीवरून उठला आणि साक्षीदारासमोर उकिडवा बसला. तारीख-महिन्याच्या भानगडीत पडलाच नाही. हाताने वखर चालवला, पेरणी केली, पाऊस पाडला, डवरणी केली आणि थांबला. साक्षीदार एकदम सरसावला. डोक्यावर दोन शिंगं काढली, त्यांना बोटांनी रंग दिला. मग तो रंग हाताने पुसून टाकल्यासारखं केलं, आणि स्वतःच्या खांद्यावर तळहात गोल गोल चोळला. चेहऱ्यावर भाव असा, की आता तरी समजा.

मला दिसला बैल. फार तर पोळा. मित्राने माझ्याकडे वळून खूण केली : पोळा नव्हे, आदला दिवस. खांदशेकणी! आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात ना, तीच. तारीख मिळाली. साक्षीदाराकडून मित्राकडे, मित्राकडून माझ्याकडे, माझ्याकडून न्यायाधीशांकडे, अशी ती साक्ष झाली. वेळ भरपूर लागला, पण झाली.

तर माझं म्हणणं असं. नागपूरहून शिकलेला दुभाषी बोलावला की खेड्यात अर्धंच काम होतं. जोडी लागते, आणि त्या जोडीतला एक जण स्वतः बहिरा आणि याच मातीतला हवा. दुसरं म्हणजे, घरचा माणूस कितीही जीव लावणारा असला तरी त्याला दुभाषी म्हणू नये. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा.

सातबारा

ताई, पोळ्याचं वाचून मजा आली. पन शेवटचं नाई पटलं. माहा चुलत भाऊ जन्मापासून बहिरा हाये. वावर माह्या बाजूलेच. त्याच्या खुना आमच्या घरच्या लहान पोट्ट्यायलेबी समजतेत. आठवडी बाजार म्हंजे खांद्याले पिशवी अटकवाची. तलाठी म्हंजे शिक्का मारल्यावानी मूठ आपटाची. पीक कर्ज असो का केवायसी, बँकेत संगं मीच जातो. थो बाजूच्या खुर्चीत बसते, मॅनेजर मले विचारते, मी सांगतो. सही थो करते. आता याच्यात तिसरा मानूस कायले पाह्यजे? अन् त्याचे पैसे कोन देईन?

पऱ्हाटी

सातबारा भाऊ, राग मानू नका, पण उत्तर तुमच्याच लिहिण्यात आलंय. 'मॅनेजर मला विचारतो, मी सांगतो.' त्यात तुमचा भाऊ कुठे आहे? मॅनेजर पाच मिनिटं बोलला तर भावाला त्यातलं किती पोचतं? बहुतेक घरांत शेवटी एकच खूण होते : 'झालं, कर सही.' तुम्ही त्याचं वाईट करणार नाही, मान्य. पण व्याजाचा दर आवडला नाही असं त्याला वाटलं, तर ते वाटायला आधी दर कळायला हवा ना?

दवाखान्यातलं एक सांगते. एक गरोदर बाई, बहिरी, सोबत जाऊ. डॉक्टर विचारताहेत : जेवण नीट आहे का, गोळ्या चालू आहेत का, चक्कर येते का? जाऊ सगळ्याची उत्तरं देतेय. चालू आहेत, नीट आहे, येत नाही. खोटं बोलत नव्हती ती, तिला तसंच वाटत होतं. आणि दर तपासणीला रक्त कमीच. त्या खेपेला आशाताईंनी मला बोलावलं होतं. मी बाईच्या समोर बसले आणि रिकामं पाकीट हातात देऊन विचारलं. तिने गोळी तोंडात टाकल्याची खूण केली, मग ओकारी, मग पदराच्या गाठीतून लोहाच्या गोळ्या काढून दाखवल्या. मळमळतं म्हणून सोडून दिल्या होत्या. टाकून दिल्या तर घरचे रागावतील, म्हणून बांधून ठेवल्या होत्या! डॉक्टरांनी जेवणानंतर रात्री घ्यायला सांगितलं, संपलं. जाऊ तिच्याशी दिवसभर खुणांनी बोलते. पण 'गोळ्या घेतेस का' हे विचारावं असं तिच्या मनातच आलं नाही, कारण उत्तर आपल्याला माहीत आहे असं ती धरून चालली होती.

मुद्रा

मीच तो उकिडवा बसलेला. मराठी माझी दुसरी भाषा आहे, विभक्तीत गडबड होते, सांभाळून घ्या. ('ला' आणि 'ने' कुठे लावायचं हे ऐकून पाठ होतं म्हणतात. मी ऐकणार कधी?)

जन्मापासून बहिरा. गावात असताना मलाही घरच्या खुणाच होत्या. आई जेवायला, झोपायला, मारायला बोलावते, एवढं कळायचं. आपल्याला नाव असतं हेसुद्धा शाळेत गेल्यावर कळलं. सातव्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी निवासी शाळेत टाकलं. वर्गात बाई माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवायच्या, मग माझ्या गळ्यावर. थरथर जाणवली पाहिजे. 'पाणी' म्हण. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हटल्यावर ती हलली पाहिजे. हातांनी बोललो तर हात बाकाखाली ठेवायची शिक्षा. बाई दुष्ट नव्हत्या, त्यांना तसंच शिकवलं होतं. १८८० साली इटलीत मिलानच्या परिषदेत ऐकणाऱ्या शिक्षकांनी ठराव केला, की बहिऱ्या मुलांना बोलूनच शिकवायचं, खुणांनी नाही. तो ठराव चुकला हे तशाच परिषदेत मान्य व्हायला २०१० साल उजाडलं. मधली सगळी वर्षं आमच्यासारख्यांची गेली.

भाषा शिकलो वसतिगृहात. रात्री जेवणानंतर मोठी मुलं ट्यूबलाइटखाली गोल करून बसायची आणि गोष्टी सांगायची. सिनेमा, मारामारी, घरी सुटीत काय झालं. मी पहिले काही महिने नुसता बघत बसलो, मग हळूहळू हात चालू झाले. दिवे बंद झाले की बोलणं बंद, म्हणून दिवा बंद करायला येणाऱ्या शिपाईकाकांवर आमचा सगळ्यांचा राग! रविवारी दूरदर्शनच्या बहिऱ्यांसाठीच्या बातम्या लागायच्या. बातम्यांत आम्हाला काही रस नव्हता, पण टीव्हीत हातांनी बोलणारं माणूस दिसतं याचंच अप्रूप.

आता ओठ वाचण्याबद्दल. लोकांना वाटतं बहिरा म्हणजे ओठ वाचतोच. 'प', 'ब', 'म' तिन्ही ओठांवर सारखे दिसतात. 'क' आणि 'ग' तर घशात होतात, दिसतच नाहीत. त्यात मिश्या. आणि आपल्या विदर्भात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा. तोंडात खर्रा धरून मान वर करून बोलणाऱ्या माणसाचे ओठ जगातला कुठलाही बहिरा वाचू शकणार नाही. ऑफिसात मी सरळ कागद पुढे करतो.

सातबारा भाऊ, तुमच्या भावाला भेटायला आवडेल. बँकेच्या कामासाठी नाही, असंच.

डॉ. गोळी

प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. वरचं वाचून थोडं अंगावर आलं. सकाळच्या ओपीडीत शंभरावर पेशंट, त्यात एक बहिरी बाई. आशाताई सगळीकडे तशी नसते आणि दुभाषी आमच्या तालुक्यात नाही. जाऊला विचारू नको तर कुणाला विचारू?

बाकी कारणांबद्दल लिहायला हरकत नाही. खेड्यात बहिरेपणा उशिरा सापडतो हे खरं दुखणं. बाळ दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत 'आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात' असं चालतं. नवजात बाळाच्या कानाची ओएई तपासणी काही मिनिटांची असते, बाळ झोपलेलं असलं तरी होते. शंका आली तर बेरा ही पुढची तपासणी, त्यात मेंदूपर्यंत आवाजाचा संदेश जातो का ते कळतं. पण यंत्र मोठ्या दवाखान्यात, आणि बाळाला घेऊन तिथवर चकरा मारायच्या म्हणजे मजुरी बुडते. कारणं अनेक असतात : जवळच्या नात्यातली लग्नं, गरोदरपणी आईला झालेला रुबेला, जन्मानंतरची जोरदार कावीळ, मेंदूज्वर, काही इंजेक्शनं. कान फुटणं वेगळं, त्यावर इलाज होतो. पण कृपया कानात गरम तेल ओतू नका!

कॉक्लियर इम्प्लांटबद्दल (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) कुणी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो. जन्मजात बहिऱ्या लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या एडिप या दिव्यांगांसाठीच्या योजनेतून होतं. वय महत्त्वाचं, पहिली पाच वर्षं आणि त्यातही जितकं लवकर तितकं बरं. मात्र ऑपरेशन ही सुरुवात असते. पुढे काही वर्षं बोलण्याचे वर्ग लागतात, ते नागपूर-अमरावतीला. कानामागच्या यंत्राची वायर तुटली, बॅटरी गेली तर खर्च घरचा. नांगर विकून बॅटऱ्या घेतलेले बाप पाहिलेत आणि पेटीत ठेवून दिलेली यंत्रंही पाहिलीत. छान बोलणारी मुलंसुद्धा पाहिलीत, तेही सांगायला हवं.

मुद्रा

डॉक्टर, इम्प्लांटला माझा विरोध नाही. फक्त तोपर्यंत पोराला खुणा शिकवू नका असं आईबापांना सांगतात, त्याला आहे. यंत्र चाललं तर चाललं, नाही चाललं तर पाच वर्षं भाषेशिवाय गेली. ती परत मिळत नाहीत. दोन्ही असू द्या ना.

पऱ्हाटी

डॉक्टरसाहेब, जाऊला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. ती असू दे, पण खुर्ची बदला. पेशंट तुमच्या समोर, जाऊ बाजूला, उलटं नको. बोलताना पेशंटकडे बघा. 'समजलं का?' विचारू नका, मान हलणारच. गोळी हातात द्या आणि कधी घेणार ते करून दाखवायला सांगा. सकाळ-रात्रीसाठी पाकिटावर सूर्य-चंद्र तुम्ही काढतच असाल. आणि सांकेतिक भाषा शिकलेला पेशंट असेल तर मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून मी किंवा कुणीही जोडू शकतं, रेंज असली तर. (रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं अशी गावं मला माहीत आहेत, बोलू नका त्याबद्दल.)

उंटावरचा शहाणा

पुण्यात असतो, मूळ अकोल्याचा. असे हातमोजे निघालेत म्हणे, ज्यात खुणा केल्या की मोबाइल बोलतो. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांची बातमी येते. तेच वाटले तर दुभाष्याचा प्रश्नच मिटेल की!

मुद्रा

ते मोजे मलाही घालून फोटो काढायला बोलावतात. :)

आमच्या भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या की 'तू जेवलास' याचा प्रश्न होतो. 'काय', 'कुठे' बहुतेक शेवटी येतं, नकारही शेवटी येतो आणि सोबत मान हलते. माणसं हवेत जागा ठरवून ठेवतो : इकडे सासरा, तिकडे जावई, मग नुसतं इकडून तिकडे बोट नेलं की कोणी कोणाला दिलं ते कळतं. मोज्याला भुवई कुठून दिसणार? आणि मोजा घालायचा मी, शिकायचं मी, ऐकणाऱ्याने काहीच करायचं नाही, हेही आहेच. दिल्लीच्या केंद्राच्या शब्दकोशात दहा हजार शब्दांचे व्हिडिओ आहेत, २०२१ पासून. रोज पाच शिका, तेवढं पुरे.

वकिली खाक्या

मूळ पोस्टमधल्या साक्षीबद्दल. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२५ (जुन्या कायद्यात ११९). बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच मानली जाते. दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची, आणि चित्रीकरण करायचं. हे चित्रीकरण फार कामाचं. दुभाष्याने काय सांगितलं आणि साक्षीदाराने प्रत्यक्षात काय केलं, हे नंतर ताडून बघता येतं. लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांत पीडित महिला अपंग असेल तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाष्याच्या हजेरीत तक्रार नोंदवायची, तेही चित्रीकरणासह. ती तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे.

प्रत्यक्षात जवळच्या बहिऱ्या शाळेतले सर बोलावतात. सरांना शाळेतल्या मुलांच्या खुणा येतात, सालदाराच्या येत नाहीत. उलटतपासणीत मग आम्हीच विचारतो, 'तुम्ही या साक्षीदाराला आधी किती वेळा भेटलात?' आणि साक्ष ढिली पडते. खरं सांगायचं तर बचावाचा वकील म्हणून मीही हा प्रश्न विचारेन. त्यामुळे पऱ्हाटी ताईंची जोडीची पद्धत मला कायद्याच्या बाजूनेही पक्की वाटते. फक्त साक्षीच्या आधी दोघांना साक्षीदारासोबत बसायला वेळ मागून घ्या आणि तसा अर्ज नोंदीवर ठेवा.

सुप्रीम कोर्टात सप्टेंबर २०२३ मध्ये ॲड. सारा सनी या बहिऱ्या वकील दुभाष्यासह हजर झाल्या, तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्यासमोर. दिल्लीत ते झालं. तालुका कोर्टात ते यायला किती वर्षं लागतील, अंदाज तुम्हीच करा.

पऱ्हाटी

यावरून गीताची गोष्ट आठवली. लहानपणी चुकून पाकिस्तानात पोचलेली बहिरी मुलगी, २०१५ मध्ये परत आली ती. गावाचं नाव सांगता येत नाही, लिहिता येत नाही. इंदूरच्या दुभाष्यांनी तिच्या आठवणीतल्या खुणांवरून शोध घेतला आणि शेवटी २०२१ मध्ये मराठवाड्यात आई सापडली. घरच्या खुणा वाचायला वेळ लागतो तो असा.

संत्रा बर्फी

मी मोर्शी-वरूड पट्ट्यातली. आई-बाबा दोघंही बहिरे, मी ऐकणारी. माझी पहिली भाषा हातांची. मराठी आजीकडून आणि अंगणवाडीत शिकले.

लहानपणापासून घरातला फोन मी, दार मी, वीज मंडळ मी. चौथी-पाचवीत होते तेव्हा संत्र्याच्या बगीच्याचा सौदा करायला व्यापारी आले की बाबा शाळेत निरोप धाडायचे. व्यापारी झाडाखालून फिरत फिरत सांगायचा : कोळशी (झाडावरची काळी बुरशी) पडली आहे, फळ बारीक आहे, गळ दिसते, सांग तुझ्या बापाला. ते मी सांगायचे. मग तो सोबत्याकडे वळून हळू आवाजात : 'मुक्याचा बगीचा हाये, पाडून माग.' मी तेही सांगायचे! व्यापाऱ्याला वाटायचं पोरीचे हात अजून कोळशीवरच चालले आहेत. बाबांचा चेहरा जराही हलायचा नाही. ते झाडाचं एक पान तोडायचे, उलटसुलट करून बघायचे आणि मागितल्यापेक्षा जास्तीचा आकडा बोटांनी दाखवायचे. व्यापारी म्हणायचा, 'याले काई समजलंच नाई वाटते, पुन्हा सांग.'

बैलबाजारात मात्र बाबा मला नेत नसत. तिथे रुमालाखाली बोटं धरून भाव होतो, तोंडाने कोणीच आकडा बोलत नाही. बाबा म्हणतात, तिथे सगळेच माझ्यासारखे.

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे. पण आजी आजारी पडली तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काय झालंय ते मला बाहेर बोलावून सांगितलं आणि म्हणाले, आईबाबांना समजावून सांग. मी सातवीत होते. काही शब्दांचा अर्थ मलाच माहीत नव्हता. जे कळलं त्यातलंही सगळं मी सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, 'डॉक्टर एवढा वेळ काय बोलत होते?' मी म्हटलं, औषधांचं. हे काम लेकरांकडून करून घेऊ नका. घरचा माणूस दुभाषी नसतो हे पऱ्हाटी ताईंचं म्हणणं मला त्या दिवसापासून पटलेलं आहे, त्यांनी लिहिलं आज.

डॉ. गोळी

वाचलं. आमच्याकडे लहान मुलं घेऊन येणारे असे दोन-तीन पेशंट आहेत. खुर्चीचं करतो उद्यापासून.

गावचा कारभारी

सरपंच आहे. पैशाचं बोलू. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. ऐकायला मोठं वाटतं. करवसुली दोन लाख झाली तर निधी दहा हजार, त्यात गावातले सगळे दिव्यांग वाटेकरी. मार्च आला की घाईत वाटप, कुणाला काठी, कुणाला खात्यात रक्कम. बहिऱ्याला श्रवणयंत्र द्यायचं ठरतं. मोजमाप न करता घेतलेलं ते, किरकिर आवाज येतो म्हणून आठ दिवसांत कपाटात जातं. दुभाष्यावर खर्च करा असा अर्ज आजवर एकही आला नाही. आला तर ग्रामसभेत मांडायला माझी तयारी आहे, पण एका गावासाठी दुभाषी परवडणार नाही. नागपूरहून यायचा खर्चच निधी खाईल.

पऱ्हाटी

कारभारी दादा, एका गावाचा हिशेब करूच नका. तालुक्यातल्या दहा-बारा ग्रामपंचायतींनी थोडे थोडे घातले आणि पंचायत समितीत आठवड्यातला एकच दिवस ठरवला तर? तोही बाजाराचा दिवस. त्या दिवशी आसपासची सगळी गावं तालुक्याला येतातच, वेगळं भाडं पडत नाही. बँक, तहसील, दवाखाना, सगळं हाकेच्या अंतरावर. ज्याला काम असेल त्याने पंचायत समितीच्या व्हरांड्यात यायचं, तिथून आम्ही सोबत जाऊ. मी आणि माझ्यासोबत एक बहिरा सहकारी, दोघांचा रोज. फुकट करणार नाही, आधीच सांगते. तेवीस सप्टेंबरला फुकट करून झालंय.

ठरावात 'श्रवणयंत्रासाठी' असं न लिहिता 'दुभाष्याच्या मानधनासाठी' असं स्पष्ट लिहून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. मसुदा मी आणि वकीलसाहेब मिळून देतो.

वकिली खाक्या

देतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच सांकेतिक भाषा आहे, त्याचा आधार घालू.

सातबारा

दोन दिवस वाचून राह्यलो. काल संध्याकाळी भावाले मोबाइलवर मुद्रा भाऊंनी पाठवलेला त्यायचा व्हिडिओ दाखवला. लय वेळ पाहत बसला. पुन्हा लाव, पुन्हा लाव. मी खुनेनं विचारलं, हा मानूस घरी येऊ का म्हून. तं मले उलट विचारते, 'याले वावर किती हाये?'

अन् एक त्यानंच विचाराले लावलं. मोटरसायकल चालवते थो, पन लायसन नाई. बहिऱ्याले भेटते काय?

मुद्रा

मिळतं. २०१६ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तसं कळवलंय. माझ्याकडे आहे. आरटीओत कुणी नाही म्हटलं तर ते पत्र दाखवायचं, मी प्रत आणतो.

वावर नाही, नोकरी आहे, असं सांगा त्याला. रविवारी सकाळच्या एसटीने येतो. कुठल्या फाट्यावर उतरायचं ते कळवा. फोन करू नका, मेसेज करा!

सातबारा

हाव, चुकून फोनच लावत होतो. फाट्यावर थोच येईन गाडी घेऊन. लायसन नाई म्हून आतल्या रस्त्यानं आनन.